चेरी ब्लॉसमची काळी डबी, बरणीतलं क्रीम आणि चिपळूणचा पाऊस

चेरी ब्लॉसमच्या बूट पॉलिशची काळी डबी घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी सांगतो : जरूर घ्या, पण तिच्याबरोबर बुटांच्या क्रीमची एक बरणी आणि घोड्याच्या केसांचा एक ब्रशही घ्या. नुसत्या डबीवर चामड्याचे बूट टिकत नाहीत, आमच्या पावसात तर अजिबातच नाहीत. आणि क्रीम आणि डबी यांतलं एकच काहीतरी परवडणार असेल, तर आधी क्रीम.

मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे. चिपळूण, खेड, दापोली, गुहागर हा माझा पट्टा. सकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, संध्याकाळी दवाखान्यांच्या बाकांजवळ, पेशंटच्या रांगेशेजारी उभं राहून डॉक्टरांची वाट बघायची. आत गेल्यावर बोलायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं. मोटरसायकलवरून परशुराम घाट उतरून आलेल्या माणसाचे बूट त्या दोन मिनिटांत नीट दिसले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्यासमोर आपण औषधाबद्दल खात्रीनं बोलतो, त्यांचा तो मान असतो. त्यामुळे बुटांवर मी पैसेही घालतो आणि वेळही. पुढे लिहिलंय ते काळ्या, गुळगुळीत चामड्याच्या, लेसवाल्या साध्या ऑफिस बुटांबद्दल. मखमलीसारख्या लव असलेल्या स्वेडच्या बुटांना यातलं काहीही लावू नका. त्यांना कोरडा ब्रश पुरतो, आणि पावसाळ्यात ते कपाटातच बरे.

आधी डबीबद्दल. आमच्याकडे किराणा दुकानापासून स्टेशनरीच्या दुकानापर्यंत कुठेही मिळते, छोटी डबी शंभर रुपयांच्या आत येते आणि हात आवरून वापरली तर भरपूर दिवस पुरते. मेणाचं पॉलिश म्हणजे काय, तर वेगवेगळी मेणं, ती विरघळवणारं टर्पेंटाइनसारखं द्रावण आणि रंग. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारं कार्नोबा मेण यासाठी नावाजलेलं आहे. ते सगळ्यात कडक. मधमाशांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, कार्नोबाला ८० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून चकाकी टिकते ती कार्नोबानं, आणि हाताला मऊ लागतं ते इतर मेणांमुळे. लावल्यावर द्रावण उडून जातं, मेणाचा पातळ पापुद्रा मागे राहतो आणि ब्रश फिरवला की तो गुळगुळीत होऊन उजेड परतवतो. डबीचं काम एवढंच, आणि ते ती चोख करते. पाण्याचा शिंतोडा उडाला तर थेंब वरच थांबतो, फडक्यानं टिपता येतो. घाटातली धूळ चामड्याला चिकटण्याऐवजी मेणावर बसते आणि ब्रशच्या दोन हातांत निघून जाते. या किमतीत यापेक्षा जास्त मागू नये.

किवीची डबीही मी वापरतो, मिळेल तेव्हा. ती मूळची ऑस्ट्रेलियातली. विल्यम रॅमसे यांनी १९०६ साली मेलबर्नला काढली, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांबरोबर ती जगभर पोचली. दोन्ही डब्या माझ्या बुटांना मानवल्या आहेत. या दोघींत डावं-उजवं करत बसण्यापेक्षा लावायची कशी हे शिकण्यात जास्त फायदा आहे.

मला ते माझ्या मामांनी शिकवलं. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. रंगरूट म्हणून बेळगावच्या सेंटरला असताना लागलेली सवय त्यांनी पुढे घरीही सोडली नाही. त्यांची पद्धत अशी : जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती बनियन फाडायचं. त्याची पट्टी पहिल्या दोन बोटांवर अशी ताणून गुंडाळायची की बोटांच्या टोकांवर एकही चुणी राहता कामा नये. उरलेलं टोक पिळून मुठीत धरायचं. डबीवर बोट टेकवायचं, खरवडायचं नाही. मी पहिल्यांदा बोट आत रुतवलं तेव्हा ते म्हणाले, "कापडाला डाग पडेल एवढंच घे रे. लोणी नाही फासायचंय." मग बुटाच्या चवड्यावर छोटे छोटे गोल काढायचे. आधी सगळं धुरकट दिसतं. दुसरा थर, पुन्हा धुरकट. तिसऱ्या-चौथ्या थराच्या वेळी डबीच्या झाकणात ठेवलेल्या पाण्याचा एक थेंब बोटावर घ्यायचा आणि जवळपास वजन न देता तसेच गोल फिरवायचे. पाण्यामुळे कापड मेणाला ओढत नाही, नुसतं घासून सपाट करतं. चामड्याची छिद्रं मेणानं भरत जातात आणि एका क्षणी त्या धुरकटपणातून ट्यूबलाइटची रेघ दिसायला लागते, आधी तुटक, मग सलग.

त्यांचा एक नियम मी कधीच मोडत नाही. हे आरशासारखं पॉलिश फक्त चवड्यावर आणि टाचेच्या मागच्या बाजूला करायचं. या दोन जागी आतून कडक अस्तर असतं, तिथे चामडं वाकत नाही. बोटांच्या मागे जिथे चालताना घडी पडते, तिथे जाड मेण चढवलं की ते तडकतं आणि पांढरट रेषा दिसतात. तिथे एकच पातळ हात आणि ब्रश.

आता क्रीम. डबीपेक्षा मला त्याच्याबद्दलच जास्त सांगायचंय, कारण आमच्या धंद्यातली निम्म्याहून जास्त मंडळी क्रीम लावतच नाहीत. बुटांच्या बऱ्या दुकानात काचेच्या छोट्या बरणीत किंवा ट्यूबमध्ये मिळतं. एक बिनरंगाचं घ्यावं, एक काळं. दिसायला चेहऱ्याच्या क्रीमसारखंच, कारण बनवण्याची रीतही तीच : तेल, थोडं मेण आणि पाणी एकजीव केलेलं.

ते का लागतं, हे चामडं काय आहे ते कळलं की लक्षात येतं. चामडं म्हणजे कोलॅजनच्या बारीक तंतूंचं एकमेकांत गुंतलेलं जाळं. चामडं कमावताना त्या तंतूंमध्ये मुद्दाम तेल जिरवतात, त्यामुळे बूट वाकताना तंतू एकमेकांवरून घसरतात. घाम, पाऊस आणि वाळणं यांत हे तेल हळूहळू कमी होतं. मग तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं ताठर होतं, आणि रोज जिथे घडी पडते तिथेच एक दिवस चीर पडते. मेणाचं पॉलिश पृष्ठभागावर बसतं, ते या तंतूंपर्यंत फारसं पोचत नाही. क्रीममधलं तेल पोचतं. म्हणून वरून लखलखणारा बूट घडीवर फाटलेला दिसतो, आणि लोक बुटाच्या कंपनीला दोष देतात.

माझा क्रम असा. लेस काढायची, काढायचीच, कारण जिभेच्या दोन्ही बाजूंना सगळ्यात जास्त माती साठते. कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची. आमच्याकडची माती जांभ्याची, लाल आणि बारीक. ती सोलच्या कडेच्या शिवणीत जाऊन बसते आणि दोऱ्याला कानशीसारखी खाते. तिथे जुना टूथब्रश. मग पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं सगळा बूट पुसायचा. महिन्या-दोन महिन्यांतून त्या फडक्याला सॅडल सोप, म्हणजे चामड्याचा खास साबण, किंवा अगदी सौम्य साबणाचा फेस लावायचा, म्हणजे मेणाचे जुने थर सैल होतात. कपड्यांचा साबण आणि भांड्यांची पावडर मात्र नको, ती चामड्यातलं तेलच ओढून घेतात. बूट सुकला की वाटाण्याएवढं क्रीम एका बुटाला, बोटानं किंवा कापडानं. घड्यांवर थोडं जास्त. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग ब्रश. मेण त्यानंतर, आणि तेही दर वेळी नाही. रोज सकाळी मी फक्त ब्रश फिरवतो, दर आठवड्याला मेण, आणि क्रीम पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने.

ब्रशवर पैसे वाचवू नका. घोड्याच्या केसांचा ब्रश हाताला मऊ लागतो पण दाट असतो. नायलॉनच्या कडक ब्रशनं नव्या बुटावर बारीक ओरखडे उठलेले मी पाहिलेत. काळ्याचा आणि तपकिरीचा ब्रश वेगळा. हे अनेकांना चोचले वाटतात, पण टॅन बुटावर एकदा काळ्या ब्रशचा हात फिरला की घड्यांमध्ये गेलेला काळा रंग निघता निघत नाही.

स्पंजच्या तोंडाच्या बाटलीतलं लिक्विड पॉलिश मी चामड्याला लावत नाही. शाळेच्या पीव्हीसीच्या बुटांना ते ठीक आहे, तिथे पोसायला चामडंच नसतं. ते चमकतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिकसारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा तयार होतो म्हणून. ब्रश लागत नाही, दोन मिनिटांत काम होतं, हे खरं. पण थरावर थर चढत जातात, घडीवर पोपडे सुटायला लागतात, आणि त्या पापुद्र्याखाली क्रीम शिरत नाही. आमच्या टीममधल्या एका मुलाचे चांगले, महागातले बूट वर्षभरात असे झाले की त्यांना हात लावला तरी काळी साल निघायची. आता तो डबी आणि क्रीमवर आलाय. डॉक्टरांच्या दारात पटकन फिरवायचा तो कोरडा चमक-स्पंज मात्र मी बॅगेत ठेवतो. त्यात साधारणपणे सिलिकॉनचं तेल असतं, त्याचा पोषणाशी संबंध नाही. पण दापोलीच्या रस्त्यावरची धूळ दवाखान्याच्या पायरीवर पुसून टाकायला तो सोयीचा आहे.

एमआर मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट : डाव्या बुटावरची गिअरची खूण. ज्या गाडीचे गिअर पाऊल खाली घालून वर उचलावे लागतात, त्या गाडीच्या प्रत्येक मालकाच्या डाव्या चवड्यावर अंगठ्याच्या मागे एक घासलेला पट्टा असतो. तिथला रंग आणि वरचा गुळगुळीत थर दोन्ही जातात. त्यावर नुसतं मेण फासलं की तासाभरात ते पँटच्या पायावर उतरतं. तिथे काळं, रंगीत क्रीम लावायचं, सुकू द्यायचं, पुन्हा लावायचं, असे तीन-चार पातळ हात दिल्यावर मगच मेण. गिअरच्या दांडीवर रबराची नळी बसवून घेतली की घासणं खूप कमी होतं. गॅरेजमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

आता पाऊस. चिपळूणला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जून ते सप्टेंबर गाडीवर मी पावसाळी सँडल घालतो, बूट कापडी पिशवीत घालून डिकीत, आणि दवाखान्याच्या आडोशाला बदलतो. तरीही ते भिजतातच. भिजलेल्या बुटाचं काय करता यावर त्याचं आयुष्य ठरतं. सगळ्यात आधी लेस आणि आतला सुटा पॅड बाहेर. मग वर्तमानपत्राचे बोळे, पुढपर्यंत ठासून, पण बूट फुगेल इतके नाही. पहिले बोळे तासाभरात ओलेचिंब होतात, ते बदलायचे. रात्री झोपण्याआधी पुन्हा. बूट आडवा ठेवायचा, म्हणजे सोललाही वारा लागतो. जागा पंख्याखालची. ऊन नको, गॅसजवळ नको, हेअर ड्रायर तर नकोच.

त्यामागे कारण आहे. ओलं चामडं उष्णतेला कोरड्यापेक्षा फार नाजूक असतं. झाडाच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेलं चामडं ओलं असताना ७०-८० अंशांच्या आसपास आकसायला लागतं. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं शंभरपर्यंत तग धरतं, पण आतलं अस्तर, टाचेचा पुठ्ठा आणि गोंद यांचं काय? सोल चिकटवताना गोंद गरम करूनच चिकट करतात, तो पुन्हा तापला की पुन्हा ढिला होतो. शेगडीजवळ ठेवलेल्या बुटाचा सोल पुढून उघडतो तो असा.

पूर्ण सुकायला दोन दिवस लागतात. त्यामुळे पावसाळ्यात एका जोडावर काम भागत नाही. एरवीही पायाचा घाम सुकायला बुटाला एक दिवसाची सुट्टी हवी असते, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरले तर एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा नक्कीच जास्त टिकतात. देवदाराच्या लाकडाचे शू ट्री, म्हणजे बुटात घालून ठेवायचे साचे मिळतात, ते ओल शोषतात आणि आकारही धरून ठेवतात. जमलं तर एक जोडी घ्यावी. मी घेतली आहे आणि कोरड्या दिवसांत रोज वापरतो. चिंब भिजलेल्या बुटात मात्र आधी कागदच.

बुरशीबद्दल. आठ दिवस कपाटात राहिलेल्या बुटावर आमच्याकडे हिरवट-पांढरी लव येते. ती घरात झाडू नका, तिचे बीजाणू बाकीच्या बुटांवर बसतात. अंगणात न्या, फडक्यानं पुसा, ते फडकं टाकून द्या. मग व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात पिळलेल्या कापडानं पुन्हा पुसा, आतूनसुद्धा. सर्जिकल स्पिरिटनंही बुरशी जाते, आमच्या हाताशी ते असतंही, पण ते रंग आणि वरचा थर विरघळवू शकतं. म्हणून आधी जिभेच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. सुकल्यावर क्रीम, पण अगदी कमी. बुरशीला ओलीबरोबर स्निग्ध पदार्थही आवडतात, त्यामुळे पावसाळ्यात चोपडून ठेवलेला बूट लवकर बुरसटतो.

गोळ्यांच्या डब्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी मेडिकलवाल्यांकडून साठवतो. त्यांच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी धरतं, म्हणजे एक ग्रॅमची पुडी फार तर सहा-सात थेंब ओल पिणार. सुक्या बुटाच्या खोक्यात आठ-दहा पुड्या टाकल्या तर उपयोग होतो. ओल्या बुटात टाकून काहीच होत नाही. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, जुन्या उशीचा अभ्रा उत्तम.

२२ जुलै २०२१ चा पूर इथल्या कुणाला सांगावा लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, आणि ओसरल्यावर मागे राहिला तो चिखल. त्या दिवसांत बुटांकडे बघायला कुणाला सवड होती! आधी धान्य, कागदपत्रं, म्हाताऱ्या माणसांची औषधं. माझा एक जोड चिखलानं भरलेला तसाच बाहेरच्या पायरीवर पडला होता. बायकोनं विचारलं, "टाकू का हे?" मी म्हटलं, राहू दे, बस स्टँडजवळच्या काकांना दाखवतो.

हे काका म्हणजे या रिव्ह्यूचा दुसरा भाग, आणि त्यांना माझ्याकडून पाचपैकी पाच. पत्र्याचा गटई स्टॉल आहे, चपला-बूट दुरुस्तीचा. आत एका माणसापुरती जागा, समोर लोखंडी ऐरण, रापी, आरी, मेण लावलेला दोरा, आणि फळीवर ओळीनं डब्या. त्यांनी तो जोड हातात घेतला, वाकवला नाही. आधी सोलच्या कडेनं अंगठा फिरवला. म्हणाले, "शिवलेला आहे, वाचेल. चिकटवलेला असता तर उघडला असता." मग बादलीतलं स्वच्छ पाणी घेऊन ओल्या फडक्यानं चिखल उतरवायला सुरुवात केली. मला वाटत होतं की चिखल वाळला की झाडून टाकायचा. त्यांनी सांगितलं की चिकणमाती वाळताना चामड्याचा रस ओढून घेते, त्यामुळे ती ओली असतानाच धुवायची, आणि वाळली असेल तर आधी भिजवून. साबणाचा हलका हात, मग पुन्हा स्वच्छ पाणी, कारण ते पुराचं पाणी होतं, त्यात गटारंही आली होती. आतले पॅड काढून फेकले. टाचेच्या आत बोट घालून तिथलाही चिखल काढला. मग म्हणाले, "सावलीत ठेवा. आठ दिवस माझ्याकडे आणू नका."

आठवड्यानं नेला तेव्हा बूट लाकडासारखा झाला होता. त्यांनी क्रीमचा एक हात दिला आणि परत पाठवला. पुढच्या वेळी दुसरा हात, आणि दोन्ही हातांत धरून घडीच्या जागी हळूहळू वाकवून बघितला. चामडं मऊ पडल्याची खात्री झाल्यावरच नवे पॅड घातले, एका बाजूची उसवलेली शिवण आरीनं पुन्हा घातली, आणि शेवटी मेण. तो जोड मी अजून वापरतो. उजव्या बुटाच्या आतल्या अंगाला पाण्याच्या रेषेचा एक फिकट डाग आहे, तेवढाच.

एरवीच्या दिवशी काकांचं काम बघत बसावं असं असतं. आपण पायात बूट ठेवूनच पॉलिश करून घेत असलो तर ते आधी मोज्याच्या आणि बुटाच्या मध्ये दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे तुकडे सरकवतात, म्हणजे मोज्याला काळं लागत नाही. पुठ्ठा सिगारेटच्या पाकिटाचा, कडा बोटांनी दाबून मऊ केलेल्या. ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा ताल तुटत नाही. शेवटी मखमलीची पट्टी दोन्ही हातांनी ताणून चवड्यावर अशी ओढतात की चटचट आवाज येतो. साध्या पॉलिशचे तीस रुपये घेतात. क्रीम आणि मेण दोन्ही हवं असेल तर तसं सांगावं लागतं, त्याचे थोडे जास्त होतात आणि बूट तासभर ठेवून जावं लागतं. टाचेला झिजल्यावर रबराची टोपी लावण्याचं काम तर त्यांच्याकडूनच करून घ्यावं. टाच एका बाजूनं घासली की चालण्याचा तोल जातो आणि वरचं चामडंही तिरकं ओढलं जाऊन भलतीकडेच घडी पडते.

मी पाचपैकी पाच देतो त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. भर पावसात ओले बूट घेऊन गेलो की काका पॉलिश करायला नकार देतात. हातातलं गिऱ्हाईक जातं, तरी. "पाण्यातनं आलात ना साहेब? आज नको. ओल आत कोंडेल. परवा या." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ओल्या चामड्यावर मेण बसवलं की आतलं पाणी बाहेर यायची वाट अडते आणि आतून कुजका वास सुरू होतो. पण पावसाळ्यातल्या मंद धंद्यात तीस रुपये परत करणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

भाच्यानं फ्रान्सहून येताना सफीर या तिथल्या ब्रँडचं क्रीम आणि मेणाची डबी आणली होती, त्याबद्दलही सांगतो. उत्तम वस्तू आहेत. टर्पेंटाइनचा वास येतो, मेण दाट आणि रंग गडद, आरशासारखी चकाकी कमी थरांत येते. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं, ते डबीवर अभिमानानं मिरवतात. लग्नाच्या किंवा कॉन्फरन्सच्या बुटांसाठी मी ती राखून ठेवली आहेत. रोज घाटातून जाणाऱ्या बुटांसाठी इतकं महाग पॉलिश लागत नाही. त्या पैशांत ब्रश आणि टाचांची टोपी दोन्ही होतं.

कोल्हापुरी चपलांना हे काहीही लागू नाही. २०१९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून. त्यांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेलं असतं, ते मोकळं असतं, वर रंगाचा जाड थर नसतो. मेण फासलं की त्यावर काळपट डाग पडतात. नव्या चपलेला तळाला आणि पट्ट्यांना एरंडेलाचा किंवा खोबरेलाचा पुसट हात, रात्रभर राहू द्यायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. पावसात बाहेर काढायची नाही, भिजली तर सावलीत सपाट ठेवून वाळवायची.

डबीबद्दल दोन गोष्टी राहिल्या. झाकण नीट न लावल्यास द्रावण उडतं, मेण आकसतं आणि उन्हाळ्यात त्याच्या ढेपा होतात. अशी डबी टाकू नका. झाकण सैल करून गरम पाण्याच्या वाटीत ठेवा, पाणी आत जाऊ न देता, मेण मऊ पडून पुन्हा एकजीव होतं. गॅसवर मात्र कधीही धरू नका, त्यातलं द्रावण पेट घेतं. आणि काळी डबी संपत आली की पुढची घेताना एक बिनरंगाचीही घ्या, टॅन पट्ट्याला, बॅगेला आणि पाकिटालाही ती चालते.

काकांचा स्टॉल सोमवारी बंद असतो. सकाळी दहाच्या आधी गेलात तर गर्दी नसते. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात पोरांच्या दप्तरांच्या चेनची कामं इतकी येतात की बूट दोन दिवस ठेवावे लागतात, त्या आठवड्यात घाईचं काम नेऊ नका.